बल्गेरियातील ‘ख्रिस्तो’: हे नाव कसे लिहावे, आणि ते कोणाकोणाचे

बल्गेरियातील नामवंतांवर टिपणे लिहिताना आपल्याला एका फुटबॉलपटूचे नाव ‘हिस्टो’, एका कवीचे ‘ख्रिस्टो’ आणि एका कलावंताचे ‘क्रिस्टो’ असे छापलेले आढळले. ही तीन नावे आहेत की एकच, त्याचा अर्थ काय, मराठीत ते कसे लिहावे आणि या नावाच्या कोणत्या व्यक्ती टिपणांत घ्याव्यात, असे आपण विचारले आहे. नाव एकच आहे आणि मराठीत ते ‘ख्रिस्तो’ असे लिहावे, हे माझे थेट उत्तर. मी बरीच वर्षे बल्गेरियनमधून मराठीत अनुवाद करीत आले आहे. या काळात मला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली की, बल्गेरियन नाव आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या दारातून येते आणि त्या वाटेत त्याचा अर्धा अर्थ सांडून जातो. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देते.

आधी उच्चार पाहू. बल्गेरियन भाषा सिरिलिक लिपीत लिहितात. या नावाचे पहिले अक्षर दिसायला रोमन ‘एक्स’सारखे आहे, पण त्याचा उच्चार घशातून घासत येणारा आहे. ‘खबर’, ‘खर्च’, ‘खास’ या शब्दांच्या मूळ अरबी-फारसी उच्चारात जो पहिला ध्वनी आहे, त्याच्या जवळचा, पण किंचित सौम्य. हे शब्द मराठीने काही शतकांपूर्वी आपलेसे केले तेव्हा त्या ध्वनीसाठी आपण ‘ख’ स्वीकारला आणि तो आता इतका मुरला आहे की, त्याबद्दल कोणाला शंका येत नाही. तोच न्याय येथे लावावा. काही जण ‘ह्रिस्तो’ असे सुचवतात. उच्चाराच्या दृष्टीने ते फार दूर नाही, परंतु मराठी वाचकाला ‘ख्रिस्त’ हा शब्द परिचित असताना त्याच कुळातील नावाला वेगळा मुखवटा चढवण्याचे कारण नाही. पुढचा ‘त’ मात्र निःसंदिग्ध आहे. बल्गेरियन ‘त’ आपल्या ‘ताट’मधल्यासारखा दंत्य आहे. ‘ट’ आला तो केवळ इंग्रजी ‘टी’वरून, त्याचा मूळ नावाशी काहीही संबंध नाही.

आपल्याला सापडलेली तीनही रूपे कशी तयार झाली, हेही यावरून कळते. बल्गेरियाने २००९ मध्ये नावांच्या रोमन लेखनाविषयी कायदा केला आणि त्यानुसार या पहिल्या अक्षरासाठी रोमन ‘एच’ वापरतात. त्यामुळे आजच्या पारपत्रावर हे नाव ‘एच’ने सुरू होते, आणि ते वाचताना मधला ‘र’ गाळला की ‘हिस्टो’ तयार होते. जुन्या काळी पश्चिम युरोपात गेलेली बल्गेरियन माणसे ‘सी-एच’ लिहीत, त्यातून ‘क्रिस्टो’ झाले. ग्रंथालयांच्या काही सूचींत ‘के-एच’ असे लेखन होते, तेथून ‘ख्रिस्टो’. मूळ सिरिलिक लेखन या सर्व काळात एकच राहिले आहे.

असा प्रकार आपल्याकडेही घडलेला आहे. मराठीत आपण ‘ख्रिस्त’ म्हणतो, पण गोव्यात पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेला त्याच कुळातील शब्द कोकणीत ‘किरिस्तांव’ झाला. शब्द कोणत्या वाटेने आला, हे त्याच्या पहिल्या अक्षरावर उमटते. १६१६ मध्ये राचोल येथे प्रथम छापलेला, मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून ओळखला जाणारा ग्रंथही त्या वेळी रोमन लिपीत छापला गेला होता. लिपी बदलताना नावाचे काय होते, हा प्रश्न मराठीला नवीन नाही.

आता अर्थ. येथे दोन ग्रीक शब्द एकमेकांत मिसळले आहेत आणि अनेक नामकोशांत त्यांतला एकच दिलेला असतो. एक शब्द ‘अभिषिक्त’, म्हणजे पवित्र तेलाचा अभिषेक झालेला, या अर्थाचा. येशूला लावली जाणारी उपाधी ती हीच. दुसरा शब्द ‘चांगला, उपयोगी’ या अर्थाचा. प्राचीन ग्रीकमध्ये या दोहोंतील स्वर निराळे होते, परंतु पुढे ग्रीक उच्चार बदलत गेले, दोन्ही स्वर ‘इ’सारखे झाले आणि शब्द कानाला सारखेच वाटू लागले. ग्रीक लोक आजही माणसाचे नाव बहुधा दुसऱ्या शब्दाच्या वर्णांनी लिहितात, पण ऐकणाऱ्याच्या मनात पहिला अर्थच जागा होतो. बल्गेरियन लिपीत हा फरक उरलेलाच नाही. उरला आहे तो आघाताचा फरक: येशूच्या उपाधीत, ‘ख्रिस्तोस’मध्ये, जोर शेवटी पडतो, तर माणसाच्या नावात तो पहिल्या अक्षरावर पडतो आणि शेवटचा ‘स’ही नसतो. त्यामुळे ईस्टरच्या दिवशी एकमेकांना ‘ख्रिस्तोस वोस्क्रेसे’, म्हणजे ‘ख्रिस्त उठला आहे’, असे म्हणणाऱ्या माणसाला शेजारच्या ख्रिस्तोला हाक मारताना कधी गोंधळ होत नाही.

हाकेचा विषय निघालाच आहे तर एक निरीक्षण नोंदवते. बल्गेरियन भाषेने नामाच्या जवळजवळ सर्व जुन्या विभक्ती टाकून दिल्या, पण संबोधन जपले. इवानला हाक मारताना ‘इवाने’ आणि स्तोयानला ‘स्तोयाने’ म्हणतात, जसे आपण ‘रामा’, ‘गणपता’ म्हणतो. ‘ख्रिस्तो’ मात्र ओकारान्त असल्यामुळे हाकेतही तसेच राहते. लाडाचे रूप ‘इत्सो’. यातील ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला दंत्य च. मराठी माणसाच्या जिभेला तो सहज येतो, पण आपल्या लिपीत दोन्ही ‘च’ एकाच अक्षराने लिहितात म्हणून येथे ‘त्स’ लिहिणे भाग पडते. पश्चिमेकडील बोलींत आणि मॅसेडोनियात आरंभीचा ध्वनी गळून ‘रिस्तो’ असेही रूप होते.

बल्गेरियन समाजात या नावाचे स्थान समजून घ्यायचे तर नामदिनाची प्रथा समजून घ्यावी लागते. ऑर्थोडॉक्स पंचांगातील ज्या संताच्या किंवा सणाच्या दिवसाशी नाव जोडलेले असते, तो त्या नावाच्या माणसाचा नामदिन. वाढदिवसाला बोलावणे लागते, नामदिनाला लागत नाही. परिचितांनी आपणहून यायचे आणि घरच्यांनी त्यांच्यासाठी पान मांडून ठेवायचे, असा जुना रिवाज आहे. ख्रिस्तो आणि ख्रिस्तिना यांचा नामदिन २५ डिसेंबर, म्हणजे नाताळ. आदल्या रात्री संपूर्ण कुटुंब उपवासाच्या पदार्थांच्या पानाभोवती बसते, पदार्थांची संख्या विषम ठेवतात, पावात नाणे दडवतात, आणि दुसऱ्या दिवशी ख्रिस्तोच्या घरी सण व नामदिन एकत्र साजरे होतात. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव ठेवण्याची चालही दीर्घकाळ चालत आली, म्हणून एखाद्या घराण्यात हे नाव एक पिढी सोडून पुनःपुन्हा येताना दिसते. अलीकडे काही पालक आजोबांच्या नावाचे केवळ पहिले अक्षर घेतात, आणि तेवढ्यानेही मान राखला गेला असे मानले जाते.

या नावाच्या व्यक्तींत सर्वांत मोठी जागा ख्रिस्तो बोतेव याची आहे आणि आपल्या टिपणांतही ती त्यालाच द्यावी, असा माझा आग्रह आहे. बाल्कन पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या कालोफेर गावी ६ जानेवारी १८४८ रोजी त्याचा जन्म झाला. ही तारीख नव्या, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेची. त्या काळी बल्गेरियात चालणाऱ्या जुन्या, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिकेनुसार तो दिवस २५ डिसेंबर १८४७ होता, म्हणजे नाताळचा. इंग्रजी कोशातून केवळ ६ जानेवारी ही तारीख उचलली की नाव आणि जन्मदिवस यांचा हा सांधा निसटतो. माझ्या हातूनही एका जुन्या अनुवादात तो निसटला होता आणि त्याची मला आजही खंत आहे.

बोतेवचे वडील बोत्यो पेत्कोव हे शिक्षक होते. मुलाला त्यांनी शिक्षणासाठी ओदेसाला पाठवले, तेथून त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. पुढे तो रुमेनियात गेला, बुखारेस्टजवळच्या एका ओसाड पवनचक्कीत क्रांतिकारक वासिल लेव्स्की याच्यासोबत कडाक्याचा हिवाळा काढला, ऑटोमन सत्तेविरुद्ध वृत्तपत्रे चालवली आणि कविता लिहिल्या. त्याच्या कवितांची संख्या विसाच्या आसपासच आहे, परंतु बल्गेरियन काव्याची चर्चा त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. नाताळला जन्मलेल्या आणि ख्रिस्ताच्या नावाशी बांधलेल्या या कवीने एका कवितेत आकाशातल्या देवाला बाजूला सारून आपल्या अंतःकरणात आणि आत्म्यात असलेल्या देवाला प्रार्थना केली आहे. नाव माणसाला वारशाने मिळते, श्रद्धा मात्र त्याने स्वतः घडवलेली असते, हे त्या कवितेत मला फार स्पष्ट दिसते.

एप्रिल १८७६ मध्ये बल्गेरियात ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि तो निर्दयपणे चिरडला गेला. ती वार्ता ऐकून बोतेवने सुमारे दोनशे माणसे जमवली. माळ्यांच्या वेषात ती रुमेनियाच्या वेगवेगळ्या बंदरांवर ‘राडेट्स्की’ या ऑस्ट्रो-हंगेरियन प्रवासी बोटीत चढली, मग बोटीचा ताबा घेऊन त्यांनी कप्तानाला कोझ्लोदुय येथे डॅन्यूबच्या बल्गेरियन काठाला लावायला भाग पाडले, आणि उतरल्यावर त्या मातीचे चुंबन घेतले. पण ज्या उठावाच्या मदतीला ते आले होते, तो संपलेला होता. अवघ्या काही दिवसांत व्रात्सा शहराजवळच्या डोंगरात बोतेव गोळी लागून पडला. वय अठ्ठावीस. कोझ्लोदुय येथे त्या बोटीची प्रतिकृती आज संग्रहालय म्हणून उभी आहे. १९६६ मध्ये ती शाळकरी मुलांनी जमवलेल्या पैशांतून साकारली.

त्याच्या मृत्यूच्या तारखेबाबत आपण सावध राहावे. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे तो दिवस २० मे होता. एकोणिसाव्या शतकात दोन दिनदर्शिकांत १२ दिवसांचे अंतर होते, म्हणून नवी तारीख १ जून येते. विसाव्या शतकात हे अंतर १३ दिवसांचे झाले होते, आणि १९१६ मध्ये बल्गेरियाने नवी दिनदर्शिका स्वीकारल्यानंतर १३ दिवस मिळवून स्मृतिदिन २ जून असा रूढ झाला. दोन कोशांत दोन तारखा दिसतात त्या यामुळे. दरवर्षी २ जूनला दुपारी बारा वाजता देशभर भोंगे वाजतात, आणि रस्त्यावरून चालणारी माणसे जागच्या जागी थांबतात. ही आदरांजली बोतेव आणि स्वातंत्र्यासाठी पडलेल्या सर्वांसाठी असते. बाल्कन पर्वतातील सर्वांत उंच, २,३७६ मीटरच्या शिखरालाही बोतेवचे नाव आहे.

‘बोतेव’ हे त्याचे आडनाव होते का, असे कोणी विचारले तर उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे, आणि मराठी वाचकाला ते इतर कोणापेक्षा लवकर कळेल. बल्गेरियन नावाचे तीन भाग असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, अगदी आपल्यासारखे. वडिलांच्या नावाला ‘ओव’ किंवा ‘एव’ आणि मुलीच्या बाबतीत ‘ओवा’ किंवा ‘एवा’ असा प्रत्यय लागतो, ज्याचा अर्थ ‘अमुकचा’ किंवा ‘अमुकची’. वडील बोत्यो, म्हणून मुलगा बोतेव. त्या काळी आडनावे स्थिरावलेली नसल्यामुळे वडिलांच्या नावाचा भागच पुढे कुलनाम होऊन बसला. बोतेवची आई इवांका, आणि त्याला १८७६ मध्येच झालेल्या मुलीचे नावही इवांका ठेवले गेले. आजीचे नाव नातीला देण्याची चाल तेथेही दिसते. आपल्या पद्धतीत आणि त्यांच्या पद्धतीत एक फरक आहे: आपल्याकडे परंपरेने लग्नानंतर स्त्रीच्या नावातला मधला भाग बदलून पतीचे नाव येते, बल्गेरियन स्त्रीचा मधला भाग मात्र आयुष्यभर वडिलांचाच राहतो.

हे ध्यानात ठेवले की पुढची नावे स्वतःच बोलू लागतात. प्लोवदिव शहरात काम केलेला आणि बल्गेरियन प्रकाशन व्यवसायाचा पाया घालणारा ख्रिस्तो ग. दानोव (१८२८ ते १९११) याच्या नावातील ‘ग’ म्हणजे ग्रुएव, ग्रुयोचा मुलगा. परकीय सत्तेखाली शाळा उघडत होत्या, त्या काळात त्यांना पाठ्यपुस्तके पुरवणाऱ्या या माणसाला आपल्या टिपणांत दोन ओळी तरी जरूर द्याव्यात.

कवी ख्रिस्तो स्मिर्नेन्स्की याचे खरे नाव ख्रिस्तो दिमित्रोव इझ्मिर्लिएव. त्याचा जन्म १८९८ मध्ये कुकुश येथे झाला, जे आज ग्रीसमध्ये किल्किस या नावाने आहे. १९१३ च्या दुसऱ्या बाल्कन युद्धात ते गाव जळाले आणि त्याचे कुटुंब निर्वासित होऊन सोफियाला आले. इझ्मिर शहराचे जुने नाव स्मिर्ना, एवढे सांगितले की त्याचे आडनाव आणि टोपणनाव यांतले नाते उघड होते. सोफियातल्या गरिबांची, वृत्तपत्रे विकणाऱ्या आणि फुले विकणाऱ्या मुलांची वेदना त्याने जितक्या तालबद्ध भाषेत लिहिली, तितकी त्याच्या पिढीत फार थोड्यांना साधली. १९२२ मध्ये त्याचा काव्यसंग्रह आला आणि १९२३ च्या जूनमध्ये क्षयाने तो गेला. तेव्हा त्याला पंचविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

आपल्या फुटबॉलपटूचे नाव ख्रिस्तो स्तोइच्कोव. जन्म ८ फेब्रुवारी १९६६, प्लोवदिव. त्याचे पूर्ण नाव ख्रिस्तो स्तोइच्कोव स्तोइच्कोव असे आहे. ही छपाईची चूक नव्हे. वडिलांचे नाव स्तोइच्को आणि आडनावही त्याच शब्दापासून आलेले. मुद्रितशोधकाने दुसरा ‘स्तोइच्कोव’ खोडू नये, अशी सूचना हस्तलिखिताच्या समासात लिहून ठेवावी. १९९४ च्या विश्वचषकापूर्वी बल्गेरियाने पाच विश्वचषक स्पर्धांत भाग घेऊन एकही सामना जिंकलेला नव्हता. त्या वर्षी अमेरिकेत त्याच संघाने ग्रीस आणि अर्जेंटिनाला हरवले, उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या जर्मनीवर २-१ अशी मात केली आणि शेवटी चौथा क्रमांक मिळवला. जर्मनीविरुद्ध बरोबरी साधणारा गोल स्तोइच्कोवने फ्री किकवर केला. स्पर्धेत त्याचे सहा गोल झाले, सर्वाधिक गोलांचा मान त्याला रशियाच्या ओलेग सालेंको याच्याबरोबर विभागून मिळाला आणि वर्षअखेरीस युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बॅलन डी’ओर’ही त्यालाच मिळाला. त्याआधी १९९२ मध्ये तो युरोपियन कप जिंकणाऱ्या बार्सिलोना संघात होता. १९९८ च्या विश्वचषकात बल्गेरियाचा प्रशिक्षक ख्रिस्तो बोनेव होता, तोही प्लोवदिवचाच आणि आपल्या काळातला मोठा खेळाडू. त्या संघाविषयी लिहिताना दोघांची आडनावे प्रत्येक वेळी द्यावीत, नाहीतर वाचक घोटाळ्यात पडेल.

कलावंताच्या बाबतीत मी माझाच नियम थोडा सैल करते. त्याचा जन्म १३ जून १९३५ रोजी गाब्रोवो येथे झाला. जन्मनाव ख्रिस्तो व्लादिमिरोव यावाशेव. सोफियाच्या कला अकादमीत शिकून तो १९५७ मध्ये प्रागमार्गे व्हिएन्नाला निसटला आणि पुढे पॅरिस व न्यूयॉर्क येथे राहिला. देश सुटला, वडिलांचे नाव आणि आडनावही त्याने मागे ठेवले आणि केवळ पहिले नाव, तेही ‘सी-एच’ने लिहिलेले, आपली ओळख म्हणून स्वीकारले. पत्नी झान-क्लोद ही त्याच्याच जन्मदिवशी जन्मलेली. दोघांनी मिळून १९८५ मध्ये पॅरिसचा पों नफ पूल आणि १९९५ मध्ये बर्लिनची राइशटाग ही संसदेची इमारत कापडात गुंडाळली, २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये केशरी कापडाची ७,५०३ द्वारे उभी केली. ही कामे आधी एकट्या त्याच्या नावावर लावली जात. १९९४ मध्ये दोघांनी ठरवून खुल्या जागेतल्या सर्व मोठ्या कलाकृतींवर दोघांचीही नावे लावली. म्हणून टिपणाचे शीर्षक दोघांच्या नावाचे असावे. माणसाने स्वतः निवडलेल्या रूपाचा मान राखणे मला आवश्यक वाटते, त्यामुळे शीर्षकात ‘क्रिस्तो’ लिहावे आणि पहिल्याच वाक्यात ‘ख्रिस्तो व्लादिमिरोव यावाशेव’ हे मूळ नाव द्यावे. ‘ट’ मात्र येथेही नको. त्याचे निधन ३१ मे २०२० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाले, आणि त्याने आखून ठेवलेले पॅरिसच्या विजयकमानीचे आच्छादन त्याच्या पश्चात २०२१ मध्ये पूर्ण करण्यात आले.

आपल्या यादीत बोरिस ख्रिस्तोव याचेही नाव होते. १९१४ मध्ये प्लोवदिवला जन्मलेला आणि १९९३ मध्ये रोममध्ये निधन पावलेला हा थोर ऑपेरागायक या टिपणांत बसत नाही, कारण त्याच्या बाबतीत ‘ख्रिस्तोव’ हे आडनाव आहे, म्हणजे घराण्यात मागे कधीतरी कोणी ख्रिस्तो होऊन गेला एवढेच. पश्चिमेतल्या ध्वनिमुद्रिकांवर त्याच्या आडनावाच्या शेवटी दुहेरी ‘एफ’ दिसतो. बल्गेरियन उच्चारात शब्दान्ताचा ‘व’ बोलताना ‘फ’सारखा ऐकू येतो आणि जुन्या लेखनपद्धतीत तो तसाच उतरवत असत. मराठीत मात्र सर्वत्र ‘व’ लिहावा, म्हणजे ख्रिस्तोव, ख्रिस्तोवा आणि बोतेव, बोतेवा ही बाप-लेकीची नाती डोळ्यांना दिसत राहतात. ‘क्रिस्तियान’ आणि ‘क्रिस्तिना’ ही बल्गेरियातल्या तरुण पिढीत रुळलेली नावेही यात मिसळू नयेत. ती मूळ सिरिलिकमध्येच ‘क’ने लिहिली जातात आणि पश्चिम युरोपच्या प्रभावातून आलेली आहेत. तेथे ‘ख’ करण्याचा मोह टाळावा.

सूचीमध्ये बोतेव, दानोव, स्मिर्नेन्स्की, स्तोइच्कोव आणि बोनेव यांना आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने लावावे, आणि कलावंताला ‘क’ या अक्षराखाली ठेवून ‘ख’खाली ‘ख्रिस्तो यावाशेव: पाहा क्रिस्तो’ अशी एक ओळ द्यावी.